पैसे भरून पीसी गेम घेताय? आधी त्याचं कुलूप तपासून घ्या

गेल्या दिवाळीत राजापूरजवळच्या आजोळी होतो. भाऊबीजेचं जेवण झालं, दुपारी भाचरं लॅपटॉपभोवती गोळा झाली आणि दोन महिन्यांपूर्वी पूर्ण किंमत मोजून घेतलेला गेम मी उघडला. पडद्यावर एवढंच आलं: परवान्याची पडताळणी होऊ शकली नाही, इंटरनेट जोडा. घरात रेंज नाही. लॅपटॉप पिशवीत घालून सड्यावर चढलो, मोबाइल दगडावर ठेवून हॉटस्पॉट लावला आणि एका दांडीच्या रेंजवर वीस मिनिटं बसून राहिलो. पडताळणी झाली, पण खाली उतरेपर्यंत अंधार पडला होता आणि पोरं फटाक्यांकडे वळली होती. खालच्या वाडीतल्या एका मुलाकडे हाच गेम क्रॅक केलेला, म्हणजे चोरीविरोधी कुलूप तोडलेला, होता. त्याचा चारही दिवस नीट चालला.

कारण नंतर कळलं. निघायच्या आदल्या रात्री मी विंडोजचं मोठं अपडेट टाकलं होतं, आणि त्यामुळे गेमच्या लेखी माझा लॅपटॉप अनोळखी झाला होता.

गेम बनवणाऱ्यांनी चोरी रोखू नये असं मी मुळीच म्हणत नाही. शेकडो लोक वर्षानुवर्षं राबतात तेव्हा एक मोठा गेम उभा राहतो. पण चोरीविरोधी कुलपाचा, म्हणजे डीआरएमचा, जाच पैसे भरणाऱ्यालाच होतो तेव्हा मला राग येतो. नव्याने पीसी गेम घ्यायला लागलेल्यांना हा जाच कमीत कमी व्हावा म्हणून मी आता जे करतो ते क्रमाने लिहितो.

आधी हे हाताशी ठेवा

- स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं स्टोअरचं खातं. मित्राच्या किंवा दुकानदाराच्या खात्यावर गेम घेऊ नका.
- खरेदीची पावती आलेला ईमेल आणि यूपीआय किंवा कार्डाचा व्यवहार क्रमांक.
- खरेदीच्या दिवशी काढलेले गेमच्या पानाचे स्क्रीनशॉट, डीआरएमची सूचना दिसेल असे.
- तुमच्या पीसीची माहिती: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, विंडोजची आवृत्ती. विंडोजमध्ये डीएक्सडायग नावाचं साधन उघडलं की सगळी एका जागी मिळते.
- मोबाइलचा हॉटस्पॉट. घरचं वायफाय नेमकं नको तेव्हा जातं.

१. कुलूप कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

सगळीकडे डीआरएम हा एकच शब्द वापरतात, पण त्याखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा त्रास वेगळा असतो.

पहिलं स्टोअरचं स्वतःचं साधं कुलूप. स्टीम या ऑनलाइन स्टोअरवरचे बरेच गेम एकदा लॉगिन करून सुरू केले की पुढे ऑफलाइन मोडमध्ये चालतात. याचा त्रास सहसा जाणवत नाही.

दुसरं बाहेरच्या कंपनीचं कुलूप, आणि त्यात आज सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव डेनुवो. ही मूळची ऑस्ट्रियातली कंपनी. २०१४ मध्ये फिफा १५ या गेमपासून तिचं कुलूप बाजारात आलं, आणि २०१८ मध्ये इर्डेटो या कंपनीने ती विकत घेतली. गेम पहिल्यांदा उघडताना तुमच्या पीसीच्या हार्डवेअरचा आणि प्रणालीचा जणू अंगठा घेतला जातो आणि सर्व्हरकडे जातो. सर्व्हर त्या यंत्रापुरता एक परवाना पाठवतो. पुढे गेम चालू असतानाही त्यातल्या निवडक जागी तपासणी होत राहते, कारण गेमच्या कोडचे काही तुकडे मुद्दाम गुंतागुंतीचे करून ठेवलेले असतात. ही जास्तीची मेहनत तुमच्या प्रोसेसरला करावी लागते. गेम बनवणाऱ्याने तपासणीच्या जागा विचारपूर्वक निवडल्या तर फरक कळतही नाही. सतत पळणाऱ्या कोडमध्ये त्या घुसवल्या तर चित्र अडखळतं.

तिसरी जात प्रकाशकाच्या लाँचरची, म्हणजे गेम सुरू करायला लागणाऱ्या त्याच्या वेगळ्या प्रोग्रामची. गेम स्टीमवर घेतलात तरी युबिसॉफ्ट कनेक्ट किंवा ईए अ‍ॅपमध्ये वेगळं खातं काढावं लागतं. दोन खाती, दोन पासवर्ड, आणि दोनपैकी एक सर्व्हर बंद असला तरी तुम्ही बाहेर.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात वाईट जात म्हणजे एकट्याने खेळायच्या गेमलाही सतत लागणारं इंटरनेट. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टने असॅसिन्स क्रीड २ आणि सायलेंट हंटर ५ असे आणले. त्याच महिन्यात त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेल्या खेळाडूंना गेम उघडता येईना. मे २०१२ मध्ये डायब्लो ३ आला तेव्हा पहिल्याच दिवशी लोक एरर ३७, म्हणजे सर्व्हर व्यस्त असल्याचा संदेश, बघत बसले. मार्च २०१३ मधल्या सिमसिटीचं तेच झालं. सर्व्हर कोलमडले, ईएने खेळाडूंना भरपाई म्हणून एक गेम फुकट दिला, आणि ऑफलाइन खेळायची सोय यायला २०१४ उजाडलं.

फसवणारे पकडणारं अँटी-चीट सॉफ्टवेअर ही याहून वेगळी गोष्ट आहे. ते ऑनलाइन सामन्यांसाठी असतं. दोन्हींची गल्लत करू नका, तक्रार करताना चुकीचं नाव लिहिलंत तर उत्तरही चुकीचं येतं.

२. पैसे भरायच्या आधी स्टोअरचं पान उजव्या बाजूने वाचा

आपण ट्रेलर बघतो, किंमत बघतो आणि गेम कार्टमध्ये टाकतो. महत्त्वाची ओळ मात्र उजव्या रकान्यात खाली असते. स्टीमवर बाहेरचं डीआरएम असेल तर तिथे वेगळ्या चौकटीत त्याचं नाव येतं. डेनुवो असेल तर बहुतेकदा सोबत एका दिवसात ५ वेगवेगळ्या पीसींची मर्यादाही लिहिलेली असते. प्रकाशकाचं खातं लागत असेल तर तेही तिथेच कळतं. या रकान्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमचं नाव शोधा. कोणत्या स्टोअरवरच्या प्रतीला कोणतं कुलूप आहे हे तिथे तक्त्यात मिळतं. एकच गेम एका स्टोअरवर कुलपासह आणि दुसऱ्यावर कुलपाशिवाय असू शकतो.

कुलूप नकोच असेल तर जीओजी बघा. २००८ पासून हे स्टोअर डीआरएम नसलेले गेम विकतं. तिथून इन्स्टॉलर डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि नंतर इंटरनेटशिवाय गेम टाकता येतो. अगदी नवे मोठे गेम तिथे कमी मिळतात, ही त्याची मर्यादा. पण द विचर ३ सारखा गेम २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून तिथे कुलपाशिवाय विकला गेला.

‘खरेदी करा’ या बटणाखाली तुम्ही परवाना घेता, मालकी नाही. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लावणारा कायदा झाला, आणि स्टीमने पैसे भरायच्या पानावर तशी सूचना टाकली. परवाना म्हणजे काय याचं उदाहरण द क्रू या गेमने दाखवलं. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने गाडी फिरवायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे विकत घेतलेला गेम पूर्ण निकामी झाला, आणि पुढे लोकांच्या खात्यांवरून परवानेही काढून घेतले गेले. त्या रागातून स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली. २०२५ मध्ये युरोपात तिच्या मागणीपत्रावर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. म्हणून एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट लागतं असं दिसलं, तर मी तो पूर्ण किमतीला घेत नाही.

३. प्री-ऑर्डर करू नका, तीन महिने थांबा

गेम बाजारात यायच्या आधीच पैसे भरणं म्हणजे प्री-ऑर्डर. ती करू नका हा सल्ला लोकांना सगळ्यात कमी आवडतो.

डेनुवो असलेल्या ८६ गेमचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला. गेम आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कुलूप फुटलं तर सरासरी सुमारे २० टक्के उत्पन्न बुडतं, आणि १२ आठवड्यांनंतर फुटलं तर जवळजवळ काहीच बुडत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे सुरुवातीचे आठवडे कुलूप ठेवण्यात प्रकाशकाचं खरंच हित आहे, हे मान्य करायला हवं. पण त्यानंतर ते ठेवून ग्राहकाला अडवण्यात फायदा कुणाचाच उरत नाही. काही प्रकाशक काही महिन्यांनी डेनुवो काढूनही टाकतात. २०१६ च्या डूममधून ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढलं गेलं. राइम या गेमच्या निर्मात्यांनी कुलूप फुटलं तर काढून टाकू असं आधीच सांगितलं होतं. मे २०१७ मध्ये ते पाचच दिवसांत फुटलं आणि त्यांनी शब्द पाळला.

थांबण्याचा दुसरा फायदा म्हणजे दुरुस्त झालेला गेम मिळतो. २०२१ मध्ये रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज आला. गोळी लागताच चित्र अडखळतं अशी पीसीवरच्या लोकांची तक्रार होती. जुलैमध्ये क्रॅक आवृत्ती बाहेर आली आणि गेमची कामगिरी तपासणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने दोन्ही मोजून बघितल्या, तर चोरलेला गेम विकत घेतलेल्यापेक्षा सुरळीत पळत होता. त्यात डेनुवोवर प्रकाशक कॅपकॉमचं स्वतःचंही कुलूप चढवलेलं होतं. त्याच महिन्यात कॅपकॉमने पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, देऊन हे सुधारलं. पण मे ते जुलै ज्यांनी पूर्ण पैसे मोजून अडखळत खेळलं, त्यांचं काय?

४. रिफंडचे दोन तास चाचणीसाठी वापरा

हा टप्पा मात्र चुकवू नका. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. एपिक या स्टोअरचाही नियम साधारण असाच आहे. जीओजीवर ३० दिवस मिळतात, गेम खेळून झालेला असला तरी. स्टीमचे हे दोन तास कथेत रमून घालवायचे नाहीत. मी असे वापरतो:

अ) गेम पूर्ण डाउनलोड होऊ द्या, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आधीच अद्ययावत करा. डाउनलोडचा वेळ मोजला जात नाही. पण गेम उघडल्यावर शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, तयार होत असताना मीटर चालू असतो, आणि जुन्या पीसीवर यातच वीस-पंचवीस मिनिटं जाऊ शकतात.

आ) इंटरनेट चालू ठेवून गेम पहिल्यांदा उघडा. लाँचरचं खातं, पासवर्ड, अटी, सगळं याच वेळी उरका.

इ) एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, आकडा पडद्यावर लावा आणि अर्धा तास खेळा. सरासरीपेक्षा झटक्यांकडे लक्ष द्या. आकडा ६० दाखवतो, पण दार उघडताना किंवा मारामारी सुरू होताना चित्र क्षणभर गोठतं का? गोठत असेल तर वेळ टिपून ठेवा.

ई) गेम बंद करा. स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाका, वायफाय बंद करा, गेम पुन्हा उघडा.

उ) वायफाय बंद ठेवूनच पीसी रीस्टार्ट करा आणि पुन्हा एकदा उघडा. बरेच जण ‘ई’पर्यंतच थांबतात. रीस्टार्टनंतर अडकणारा गेम प्रवासात हमखास अडकतो.

हे सगळं दीड तासात होतं. त्यातलं काही बिघडलं तर त्याच दिवशी रिफंड मागा. उद्यावर टाकलं की १४ दिवस कधी सरतात कळत नाही. पैसे ज्या मार्गाने भरले त्यावर किंवा स्टोअरच्या वॉलेटमध्ये परत येतात. कुठे हवेत ते अर्ज करतानाच निवडा.

५. पाच यंत्रांचा सापळा

तुमच्याकडे एकच पीसी असला तरी डेनुवोच्या दिवसाला पाच यंत्रांच्या मर्यादेत तुम्ही अडकू शकता. लिनक्सवर किंवा स्टीम डेक या हातात धरायच्या पीसीवर विंडोजचा गेम प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालतो. गेम नीट चालेना म्हणून लोक प्रोटॉनच्या आवृत्त्या एकामागून एक बदलून बघतात, आणि कुलपाला प्रत्येक आवृत्ती म्हणजे नवा पीसी वाटतो. पाचव्यानंतर २४ तास दार बंद. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, एक दिवस जाऊ द्या. कोणती आवृत्ती चालते ते आधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर वाचा आणि तीच लावा.

प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बदलला, विंडोज नव्याने टाकलं, तरी पुन्हा पडताळणी लागते. ती घरीच, चांगलं नेट असताना करून घ्या.

६. जुन्या डिस्क आणि स्वस्त कोड

लॅमिंग्टन रोडवर किंवा जुन्या बाजारात शे-दोनशे रुपयांत गेमची डबी दिसली की हात पुढे जातो. घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

डिस्कवर सेफडिस्क किंवा सेक्युरॉम हे जुनं कुलूप असेल तर ती विंडोज १० वर बहुधा चालणार नाही. या कुलपांचे ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये बाद केले. कायदेशीर डिस्क, खरा शिक्का, आणि गेम उघडत नाही.

दुसरं, अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा. सप्टेंबर २००८ मध्ये स्पोर आला तेव्हा तो फक्त ३ वेळा अ‍ॅक्टिव्हेट करता येत होता. ओरड झाल्यावर ईएने ती मर्यादा ५ केली. क्रॅक प्रत मात्र गेम यायच्या आधीच फिरत होती, तिला कसलीच मर्यादा नव्हती. त्या काळातल्या वापरलेल्या डिस्कची अ‍ॅक्टिव्हेशन आधीच्या मालकाने संपवलेली असू शकतात.

तिसरं, डबीत स्टीमचा कोड असेल आणि तो एकदा वापरला गेला असेल, तर तुमच्या हातात फक्त प्लास्टिक आहे.

नवा पीसी असलेल्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. इंटेलचे १२ व्या पिढीचे प्रोसेसर २०२१ च्या शेवटी आले, तेव्हा त्यातले दोन प्रकारचे कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी एककं) बघून काही डीआरएमना वाटलं की हे दोन वेगळे पीसी आहेत. पन्नासहून जास्त गेम त्यात सापडले. पुढे पॅच आले, पण एखादा जुना गेम अजूनही अडला तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) लेगसी गेम कम्पॅटिबिलिटी मोड चालू करा आणि गेम उघडण्याआधी स्क्रोल लॉक दाबा. त्याने कमी ताकदीचे कोअर तात्पुरते बाजूला होतात.

७. गावी निघायच्या आदल्या दिवशी

विंडोजचं अपडेट टाकू नका. टाकलंच तर नंतर प्रत्येक गेम एकदा ऑनलाइन उघडून बंद करा, मग स्टीम ऑफलाइन करून पुन्हा उघडून बघा.

८. गेम अडला तर या क्रमाने जा

संदेशाचा फोटो काढा, त्यातला क्रमांक दिसला पाहिजे. मग पीसीचं घड्याळ बघा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि चुकीच्या तारखेच्या यंत्राशी सर्व्हर बोलत नाही. सेल थोड्या पैशांत मिळतो. त्यानंतर स्टीममधून गेमच्या फायली पडताळा आणि अँटीव्हायरसने एखादी फाइल उचलून बाजूला तर ठेवली नाही ना, ते पाहा.

एवढं करून चालेना, तर चूक पलीकडची असू शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेनुवोच्या एका डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याची, मुदत संपली आणि बरेच गेम काही तास कुणालाच उघडता येईनात. अशा वेळी लोक विंडोज नव्याने टाकून बसतात आणि नसता व्याप वाढवतात. आधी इतरांनाही तोच त्रास होतोय का ते शोधा.

विकत घेतलेल्या गेमवर क्रॅक टाकण्याचा मोह होईल. मला तो मोह समजतो. पण क्रॅकच्या फायलींतून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, आणि तुमच्या खात्यात असलेले बाकीचे सगळे गेम त्या एका फाइलपायी जाऊ शकतात. शिवाय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. त्या वाटेला जाऊ नका.

९. रिफंड नाकारला तर

आधी स्टोअरच्या मदत विभागात लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपा. उत्तर समाधानकारक नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पहिल्या तक्रारीत रागाची वाक्यं नकोत, घडलेलं लिहा. असा मजकूर चालेल:

‘मी अमुक तारखेला अमुक रुपये भरून हा गेम घेतला, व्यवहार क्रमांक असा. गेमच्या पानावर एकट्याने खेळता येईल असं लिहिलं होतं, सततच्या इंटरनेटचा उल्लेख नव्हता. त्या दिवशीचा स्क्रीनशॉट जोडला आहे. अमुक तारखेला, इतक्या वाजता, इंटरनेट नसताना गेम उघडला नाही. संदेशाचा फोटो आणि माझ्या पीसीची माहिती सोबत आहे. फायली पडताळून व पीसी रीस्टार्ट करून पाहिला, फरक पडला नाही. आतापर्यंत एकूण इतकी मिनिटं खेळलो आहे. पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी आणि या तक्रारीला लेखी उत्तर द्यावं.’